टॅड हुडाकचा भाव

मेम्फिस, ४ मार्च

प्रिय आत्या,

रेडिओवर ऐकलंस ते खरं आहे. क्लबनं मला विकायला काढलंय. नवा कोच आलाय आणि त्याला क्वार्टरबॅकही नवा हवाय, कॉलेजातला, ज्याचे गुडघे अजून करकरत नाहीत. अकरा वर्षं या संघाचा चेंडू माझ्या हातात होता, प्रत्येक पास मीच फेकला. आता आमचे जनरल मॅनेजर ब्लेन एकेका संघाला फोन करून विचारतायत, याच्या बदल्यात काय द्याल म्हणून.

द्यायचं म्हणजे एप्रिलच्या ड्राफ्टमधली एक निवड. तुला सगळं पाठ आहे : सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत संघांनी कॉलेजची पोरं निवडायची, पहिल्या फेरीत साय आणि सातव्या फेरीत पाणचट ताक. माझ्या बदल्यात दुसऱ्या फेरीतली निवड मिळेल असं ब्लेनला वाटतं. माझा एजंट स्टू म्हणतो, तिसरी मिळाली तरी देव पावला. यंदा बाजारात नुसती झुंबड आहे. माझ्यासारखे पाच जुने क्वार्टरबॅक एकाच वेळी विकायला निघालेत, आणि ड्राफ्टमध्येही चार पोरं चांगली आहेत. गिऱ्हाईक मोजकं आणि दुकानं फार, असा प्रकार झालाय.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात आहे. माझ्या करारात कलम आहे की माझ्या सहीशिवाय मला कुठेही पाठवता येणार नाही. आणि सही मी तिथलीच करणार जिथे मला पहिला म्हणून खेळवतील. कुणा पोराच्या मागे बाकावर बसून टाळ्या वाजवायला मी जाणार नाही. त्यापेक्षा ग्लेनफर्डला येऊन तुझ्या चर्चचे बटाटे सोलीन.

फोन मी स्टूकडे देऊन टाकलाय. पत्रकार जेवू देत नव्हते. मी कॉलेजात असताना पाठवायचीस तशी पत्रं पाठव. तुझी सून जोलीन मजेत आहे, तुझी आठवण काढते. अंगठा अगदी ठणठणीत आहे, काळजी नको.

तुझा टॅडी


ग्लेनफर्ड, ९ मार्च

टॅडी,

अंगठा ठणठणीत म्हणे! नाताळात माझ्या स्वयंपाकघरात बिटाच्या लोणच्याची बाटली दोनदा पिळलीस, सुटली नाही, मग हसत हसत जोलीनच्या हातात दिलीस. मी भांडी घासत होते, आंधळी नव्हते. म्हणून तर माझं मेणाचं भांडं तुझ्या गाडीत ठेवून दिलं. वापरतोयस ना? तीस वर्षं मी बटाटा भरलेल्या पिरोगीच्या कडा चिमटीनं बंद करतेय. त्या कोमट मेणात हात बुडवला नसता तर आज मला नाकसुद्धा शिंकरता आलं नसतं.

उपवासकाळ सुरू झालाय, म्हणजे आम्ही सहाजणी चर्चच्या तळघरात पिठात कोपरापर्यंत. शुक्रवारी मांस नाही म्हणून अख्खं गाव आमच्या बटाट्याच्या पिरोग्यांवर तुटून पडतं. फादर मिहाल येऊन चव घेतात आणि मीठ कमी आहे म्हणतात, दरवर्षी.

रेडिओ चालूच असतो. खेळाच्या कार्यक्रमातला तो फिट्झ परवा काय म्हणाला ऐक. "टॅड हुडाक म्हणजे गॅरेजमधला जुना फ्रीज. चालतो हो, पण कुणी मागत नाही. फुटपाथवर काढून ठेवा, न्यायचा तो नेईल." माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. इर्मा म्हणाली, "डोलोरेस, रेडिओ बंद कर, नाहीतर तू पिठात थुंकशील." मी म्हटलं, "थुंकायचंच तर पीठ कशाला, फिट्झ आहे की."

एक सांगते. तुझ्या बापाला कोकभट्टीवरच्या नोकरीतून काढलं तेव्हा तो मान खाली घालून घरी आला आणि पुढे सात वर्षं मान खालीच ठेवून जगला. तो माझा भाऊ होता, मी त्याला मातीसुद्धा दिली, पण ते काही मी माफ केलेलं नाही. तू मान खाली घालू नकोस. घातलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

तुझी आत्या


मेम्फिस, १५ मार्च

प्रिय आत्या,

धमकी पोचली. मान सरळ आहे.

बातमी चांगली आहे. पाचांतले दोन क्वार्टरबॅक गेले आणि पोर्टलंडनं माझ्यासाठी तिसरी फेरी देऊ केलीय. तिथे मी पहिला असेन, कोचनं स्टूला तसं स्पष्ट सांगितलंय. पुढच्या आठवड्यात त्यांचे डॉक्टर तपासतील, मग सही. जोलीन तिथल्या घरांचे फोटो बघत बसलीय. मी तिला म्हटलं, अजून हंडीत काही नाही, पानं कशाला मांडतेस? पण खरं सांगू, मीसुद्धा चोरून बघितले.

अंगठ्याचं तुला कळलंच आहे तर लपवत नाही. सकाळी तो लाकडासारखा असतो. अर्धा तास मेणात ठेवला की सुटतो, मग दिवसभर मला तो आहे हेसुद्धा आठवत नाही. क्लबच्या डॉक्टरांच्या कागदात सगळं आहे, पोर्टलंडच्या डॉक्टरलाही मी स्वतः सांगणार आहे, त्यामुळे फसवाफसवी काही नाही. पण डॉक्टरला ठाऊक असणं वेगळं आणि बाजाराला कळणं वेगळं. बाजारात एका खोकल्याचा क्षय होतो. तेव्हा हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. इर्मालाही नको.

तुझा टॅडी


ग्लेनफर्ड, २१ मार्च

टॅडी,

घाईत लिहितेय. इकडे परत बर्फ पडलाय. फादर मिहालना सर्दी झालीय त्यामुळे या आठवड्यात मीठ बरोबर होतं.

रेडिओ मी सोडलाय. उपवासात काहीतरी सोडायचं असतं, गेल्या वर्षी चॉकलेट सोडलं होतं, यंदा रेडिओ. मनाला शांतता मिळते.

अक्रोडाचा रोल पाठवलाय. दोन पाठवलेत. जोलीनला एक दे, पण दुसरा तू एकटा खा.

पोर्टलंडचे डॉक्टर काय म्हणाले ते कळव. घाई नाही.

आत्या


मेम्फिस, २६ मार्च

आत्या,

रेडिओ का सोडलास ते कळलं. स्टूनं मला रेकॉर्डिंग ऐकवलं. मी जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुझ्याही लक्षात राहील.

"लाईनवर आहेत ग्लेनफर्डच्या डी. बोला, डी."

"मी चर्चच्या तळघरातून बोलतेय. हुडाकचा हात गेला म्हणणाऱ्याचं डोकं गेलंय."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"मला ठाऊक नसेल तर कुणाला? तो रोज मेहनत घेतो. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास हात कोमट मेणात घालून बसतो, तेव्हा कुठे अंगठा सुटतो."

"मेणात? रोज?"

"रोज! एक दिवस चुकवत नाही!"

हे शेवटचं तू कौतुकानं म्हणालीस, आत्या. तुझा आवाज अभिमानानं फुलला होता. आणि तो फिट्झ हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात होता.

संध्याकाळपर्यंत देशभर मी 'मेणाचा हुडाक' झालो. लोकांनी क्लबच्या पत्त्यावर मेणबत्त्या पाठवल्या, टोपली भरून. पोर्टलंडचा डॉक्टर मला भेटलासुद्धा नाही. त्यांच्या मालकानं बातम्या बघितल्या आणि दुसऱ्याच जुन्या क्वार्टरबॅकला उचललं. काल ब्लेननं स्टूला सांगितलं की आता माझ्यासाठी कुणी सातवी फेरी दिली तरी तो हसत घेईल.

तिसरीवरून सातवी. एका फोनमध्ये. मैदानावर मला कुणी इतक्या जोरात पाडलेलं नाही.

मी तुला सांगू नकोस म्हटलं होतं.

टॅड


ग्लेनफर्ड, ३१ मार्च

टॅड,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तू 'तुझा' लिहिलं नाहीस तेही दिसलं.

कसं झालं ते ऐक आणि मग काय रागवायचं ते रागव. फिट्झ म्हणत होता की तू आळशी झालायस, घरात पडून असतोस, तुझं नाव बाजारात ठेवणं म्हणजे लोकांची फसवणूक. आळशी! ज्या पोराचे पास मी कामावरून आल्यावर एप्रनमध्ये झेलले, पुढचे दोन दात त्यात घालवले, त्याला आळशी! भिंतीवरचा फोन समोरच होता. इर्मा ओरडली, "हात तरी धू!" मी पिठाच्या हातानंच नंबर फिरवला. मेणाचं बोलले तेव्हा मला वाटत होतं मी तुझी मेहनत सांगतेय. इर्माचा चेहरा पांढरा पडला तेव्हा कळलं मी काय केलं.

तुझा शब्द मोडला. त्याची माफी मागते आणि ती मनापासून मागते. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

पण मेणाची माफी मी मागणार नाही. अजिबात नाही. मी खोटं काय बोलले? तू सदतीस वर्षांचा आहेस, अकरा वर्षं दांडगे लोक तुझ्या अंगावर पडतायत, सकाळी तुझा अंगठा आखडतो. यात लाजायचं काय आहे? चोरी केलीस का कुणाची? आम्ही सहाजणी रोज पहाटे तसेच हात चोळत तळघरात उतरतो आणि दुपारपर्यंत अख्खं गाव जेवू घालतो. सामने सकाळी आठला असतात का रे? दुपारी एकला असतात. ज्याला तुझा अंगठा न्याहारीच्या वेळेला हवाय त्यानं दुसरा बघावा.

तू लपवत होतास ना, म्हणून त्यांना खिंडीत गाठता आलं. आता लपवायला काही उरलेलं नाही. मग घाबरतोस कशाला?

आत्या

इर्मा म्हणते, तिच्याकडून पण माफी. तिनं काही केलेलं नाही पण ती तशीच आहे.


मेम्फिस, ६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र रागानं उघडलं, रागानं वाचलं आणि रागानं खुंटीला अडकवलं. मग ब्लेननं मला बोलावलं.

"टॅड, बाजार असा आहे," तो म्हणाला. "लुईव्हिल सातवी फेरी देतंय. ड्राफ्टमध्ये ते एक पोरगा घेणार, तू त्याला शिकवायचं. सही कर."

"म्हणजे बाकावर."

"बाकावर तर बाकावर. आता तुझी स्थिती मागण्यासारखी राहिलीय का? मेणाचं सगळ्या देशाला कळलंय."

मी म्हटलं, "सगळ्यांना कळलंय ना? मग मला दाखवू दे."

आत्या, हे माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. तुझं ते एक वाजताचं वाक्य डोक्यात घुमत होतं. मी त्याला म्हटलं, दुसऱ्या संघांना परवानगी दे. ज्याला माझा हात बघायचाय त्यानं मेम्फिसला यावं. सकाळी आठला यावं, मेणाआधी, आणि अंगठा किती आखडतो ते डोळ्यांनी बघावं. मग दुपारी एकला मी फेकीन, तेही बघावं. सगळं बघून काय द्यायचं ते द्यावं, नाहीतर घरी जावं.

त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या संघाच्या माणसानं माझ्याशी बोलणंसुद्धा गुन्हा आहे. त्यानं टेबलावर पेन वाजवलं आणि हो म्हणाला. त्याला वाटतंय, मी स्वतःचं हसं करून घेईन आणि मुकाट्यानं लुईव्हिलची सही करीन. क्लबचं मैदान मात्र दिलं नाही. माझं कपाटही हलवलंय, आता ते टॉवेल धुण्याच्या मशीनपाशी आहे. उबदार जागा आहे.

स्टू म्हणतो मी वेडा झालोय. आजवर कुठल्या क्वार्टरबॅकनं आपलं दुखणं बोलावून दाखवलंय? जोलीन मात्र एका शाळेचं मैदान ठरवून आली.

तुझा टॅडी


ग्लेनफर्ड, १० एप्रिल

टॅडी,

शाब्बास! पत्र तळघरात मोठ्यानं वाचलं. वेरा रडली. इर्मा म्हणाली, "आणि पोराला थंडी वाजली तर?" मी म्हटलं, "मेम्फिस आहे ते, इर्मा, अलास्का नाही."

मला यायचं होतं पण गुड फ्रायडे तोंडावर आहे आणि हजारभर पिरोगी पडलेत. माझ्या जागी फादर मिहाल चिमटे काढतील तर अर्धे पिरोगी पाण्यात उघडतील.

ऐक. आठ वाजता दात काढू नकोस. लाचार माणूस हसतो. दुखलं तर दुखलं म्हण. आणि मेण जास्त गरम करू नकोस, तुझी ती सवय आहे.

तुझी आत्या


मेम्फिस, १६ एप्रिल

प्रिय आत्या,

सहा जण आले. आणखी चार संघांनी येतो म्हटलं होतं, ते आले नाहीत.

सकाळी आठला मी गाडीची मागची फळी पाडली, तिच्यावर तुझं भांडं मांडलं आणि हात पुढे केला. लुईव्हिलचा एक तरुण होता, टॅबलेट घेऊन. तो म्हणाला, "शर्टाचं बटण लावून दाखवा." मी प्रयत्न केला, नाही लागलं. परत केला, नाही लागलं. सहाही माणसं बघत होती. आत्या, त्या वेळी बापाचीच आठवण आली. पण मी हसलो नाही. मी म्हटलं, "आठ वाजता मला बटण लावता येत नाही. लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं.

मग मेणात हात घालून बसलो. बाकीचे न्याहारीला गेले. एकटा टल्साचा कोच थांबला, ऑटो राइनहार्ट नावाचा. सत्तरीचा आहे, कंबर वाकडी करून चालतो. माझ्याशेजारी फळीवर बसला आणि विचारलं, "ही आठ वाजताची नाटकं कशासाठी?"

"उद्या कुणी म्हणू नये की लपवलं."

"मला सकाळी मोजे माझी बायको घालते," तो म्हणाला. "मी संघाला सांगितलेलं नाही." मग आम्ही मासेमारीवर बोललो. त्याला त्यातलं काही कळत नाही.

एकला चारच जण होते, दोघे न्याहारीहूनच पसार. वारा वाहत होता, अंगावर येणारा. मी फेकायला लागलो. लांबचे, आखूड, पळता पळता, डावीकडे वळून. माझ्या संघातले दोन जुने गडी झेलायला आले होते, त्यातल्या एकाच्या तळहाताला फोड आले. शेवटी त्या टॅबलेटवाल्यानं बोट दाखवलं, मैदानाच्या पार कोपऱ्यातल्या एका ड्रमकडे, आणि म्हणाला, "तिथे?" मी दोनदा तिथे टाकला. तिसऱ्यांदा नाही टाकला, मला कंटाळा आला होता.

आज दोघांचे निरोप आलेत. लुईव्हिल आता सातवी नाही, चौथी फेरी देतंय. चौथी! पण जागा तीच, पोरामागे बाकावर. टल्सा सहावी देतंय. त्यांच्याकडे चौथी आणि पाचवी उरलेलीच नाही, गेल्या वर्षीच देऊन बसलेत. पण तिथे मी पहिला. ऑटोनं लेखी दिलंय.

ब्लेनला अर्थातच चौथी हवीय. मी अजून सही केलेली नाही.

तुझा टॅडी


ग्लेनफर्ड, २० एप्रिल

टॅडी,

चौथी! सातवीवरून चौथी! मी रेडिओ परत सुरू केला, उपवास तसाही संपत आला होता. फिट्झ म्हणाला, "मेणाच्या हुडाकनं माझं तोंड बंद केलं." मी तळघरात सगळ्यांना पेला पेला वाइन पाजली.

आता नीट ऐक, हे आत्या म्हणून सांगते. चौथीवर सही कर. टल्साच्या सहावीचं नाव काढू नकोस. तुला सातवीला विकत होते तेव्हा गावात मला कुणाकुणाची तोंडं बघावी लागली ते माझं मला ठाऊक. दुकानात तो जरोस्लाव मला म्हणाला, "डोलोरेस, सातव्या फेरीत दोन भाचे मिळतात का?" आता त्याच दुकानात जाऊन मी चौथी सांगून आलेय. सहावी कुठल्या तोंडानं सांगू?

बाकाचं काय एवढं! तो पोरगा आठवड्यात घाबरून पळेल आणि तू आत जाशील. तू आपली किंमत खाली आणू नकोस. मी एकदा आणली तेवढी पुरे.

तुला माझं ऐकावंच लागेल, टॅडी. दोन दात दिलेत मी.

आत्या


टल्सा, २७ एप्रिल

प्रिय आत्या,

खाली बस आणि मग वाच. सही केली. सहाव्या फेरीला.

तू जे लिहिलंस तेच ब्लेन म्हणाला, शब्द थोडे वेगळे. "चौथी फेरी समोर असताना सहावीला जातोस? अकरा वर्षं खेळलास, तुला काही इज्जत आहे की नाही? कायमचं लिहिलं जाईल, हुडाक सहाव्या फेरीला गेला म्हणून."

"लिहू दे," मी म्हटलं.

"लुईव्हिलवर सही कर. नाहीतर वर्षभर इथेच बसवीन."

"बसव. मी रोज येईन. रोज सकाळी तुझ्या केबिनसमोर बसून हात मेणात घालीन. तुझ्या नव्या पोराचा पहिला पास चुकला की सगळं स्टेडियम आधी माझ्याकडे बघेल आणि मग वर काचेआड बसलेल्या तुझ्याकडे."

मी उठून टॉवेलांपाशी गेलो. पुढचे तीन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. मी सराव केला, घरी गेलो, परत आलो. जोलीनला म्हटलं, वर्षभर असंच गेलं तर? ती म्हणाली, "मग वर्षभर असंच." ड्राफ्टच्या आदल्या दिवशी ब्लेनचा माणूस कागद घेऊन आला. टल्सा, सहावी फेरी. ब्लेन स्वतः आला नाही.

तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. मला जरोस्लावचं दुकानही डोळ्यांसमोर दिसतंय. पण आत्या, मीसुद्धा दीड महिना फेऱ्याच मोजत होतो. तिसरीवरून सातवीला आलो म्हणून तुझ्याशी तुटेपर्यंत भांडलो. मग त्या केबिनमध्ये बसल्यावर कळलं की चौथी आली असती तर ती ब्लेनच्या खिशात गेली असती. त्यातलं माझ्या वाट्याला काय येणार होतं? भाव विकणाऱ्याला मिळतो. मला जे मिळणार ते फक्त मैदान, आणि ते लुईव्हिलकडे नव्हतं. तेव्हा तू दुकानात जा आणि बेधडक सांग, सहावी. तो हसला तर हसू दे. मी तुझं ऐकलं नाही याची माफी मागत नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकलोय.

काल इथे पहिल्यांदा सगळे जमलो. ऑटोनं यादीबिदी काही वाचली नाही, नुसतं माझ्याकडे बोट केलं आणि शिटी वाजवली. चेंडू मागे देणारा सेंटर बावीस वर्षांचा आहे, दरवाजाएवढा. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो तशी त्यानं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्ही ते मेणवाले ना?"

मी म्हटलं, "हो. आता वाक खाली आणि चेंडू दे."

तुझा टॅडी